तिसरा घाम

खानदेशातील माणसाला घामाविषयी चार शब्द सांगायला जाणे म्हणजे तापीकाठच्या कोळ्याला मासळीची ओळख करून देण्यासारखे आहे. एप्रिल अर्धा सरला की जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील पारा बेचाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात तो ४५ अंशांच्याही वर जाऊन बसतो. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर, जळगावच्या डाळमिलमध्ये पोती उचलणारा हमाल, भुसावळच्या लोहमार्गावर दुपारच्या उन्हात उभा असलेला गँगमन आणि मिस्साबलिदानाच्या वेळी अंगभर झगे चढवून वेदीपाशी उभे राहणारे आम्ही, या सर्वांची पाठ सारखीच भिजते. अशा मुलखात कोणी ‘मला फार घाम येतो हो’ अशी तक्रार केली, तर ती मनावर घ्यायची कोणी? ‘आठे समदासलेच घाम येस,’ असे म्हणून ऐकणारा आपल्या कामाला लागतो.

आपल्या मराठी भाषेनेही घामाचे दोनच प्रकार मानले आहेत. एक कष्टाचा. आपण घाम गाळतो, निढळाच्या घामाची भाकर खातो, घामाचा पैसा जपून वापरतो. दुसरा भीतीचा. परीक्षेचा निकाल ऐकताना, साहेबाने बोलावणे धाडल्यावर आपल्याला दरदरून घाम फुटतो. पहिल्या घामात मान आहे, दुसऱ्यात थोडी नाचक्की. पवित्र शास्त्रातही हे दोन्ही घाम आहेत. एदेन बागेतून बाहेर पडलेल्या आदामाच्या वाट्याला पहिला आला आणि गेथसेमनी बागेतील त्या रात्री आपल्या प्रभूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली, तेव्हाच्या घामाची नोंद संत लूकने केली आहे. परंतु याखेरीज तिसराही एक घाम असतो. तो कष्टाचाही नसतो आणि भीतीचाही नसतो. तो आजाराचा असतो. त्याला आपल्या बोलीत नाव नाही आणि नाव नसल्यामुळे ज्याला तो होतो, त्याचे म्हणणे कोणाला कळत नाही. या तिसऱ्या घामाची ओळख आम्हांला धर्मग्रामातील एका कन्येने करून दिली. तिच्या अनुमतीने, परंतु तिचे नाव-गाव बाजूला ठेवून ती हकीकत येथे सांगत आहोत.

कोविडच्या साथीत बंद झालेली प्रार्थनास्थळे महाराष्ट्रात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. त्या दिवसांत संसर्गाच्या भीतीने ख्रिस्तप्रसाद जिभेवर न देता हातावर देण्याचा प्रघात पडला होता. पुढे निर्बंध सैल झाले, तरी बहुतेकांनी हात पुढे करण्याची सवय कायम ठेवली. रविवारच्या मिस्सेला तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसणारी एक तरुण मुलगी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत येईनाशी झाली आहे, हे आमच्या ध्यानात आले. गायनात ती असे, वाचनही करी; रांग लागली की मात्र बाकावर गुडघे टेकून राही. धर्मग्राम लहान असले की डोळे फार असतात. एवढ्या मोठ्या मुलीने ख्रिस्तप्रसाद का बरे टाळावा, याविषयी दोन-तीन घरांत कुजबूज सुरू झाली आणि ती तिच्या आईच्या कानांवर गेली.

त्या वर्षी नाताळापूर्वीच्या गृहभेटींत आम्ही त्या घरी गेलो. थंडी पडली होती. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो; त्या दिवशीही अंगावर शाल घेऊनच आम्ही बसलो होतो. मुलीने चहाचा कप आणून दिला तो रुमालात धरून. आई म्हणाली, “फादर, हिला जरा तुम्हीच समजवा. ही रांगेत का येत नाही ते तुम्हांलाच सांगेल.” मुलीने काही न बोलता रुमाल बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे आमच्यासमोर उघडले. त्या कडाक्याच्या थंडीत तळव्यांवर पाण्याचे थेंब उभे होते. पाहता पाहता ते एकमेकांत मिसळले आणि मनगटावरून खाली ओघळले.

“हातावर घेतला की ख्रिस्तप्रसाद भिजतो, फादर. कण तळव्याला चिकटून राहतात. प्रभूचे शरीर आहे ते. पुसायचे कशाला?” ती म्हणाली. एवढेच तिचे पाप होते!

मग हळूहळू बाकीचेही बाहेर आले. सातवी-आठवीपासून हे सुरू होते. उत्तरपत्रिकेखाली टिपकागद ठेवावा लागे, तरी शाई पसरेच. काखेत इतका घाम येई की गडद रंगाचे कपडे सोडून तिने दुसरे काही घातलेच नव्हते. आता ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि तेथे पांढरा गणवेश होता! रबरी हातमोजे घातले की थोड्याच वेळात बोटांच्या टोकांशी पाणी साचे. रुग्णाची नाडी पाहायला हात धरावा तर रुग्णच दचकून हात मागे घेई. ‘इतकी घाबरट मुलगी वॉर्डात काय कामाची?’ असे तिला ऐकवले गेले होते. ती घाबरट नव्हती. लोक घाबरट म्हणतील या भीतीने मात्र तिला आणखी घाम येई. शिक्षण सोडून द्यावे, असे तिने जवळजवळ ठरवलेच होते.

“बाळ, कोरड्या तळव्याची अट प्रभूने कोणाला घातलेली आम्हांला तरी कोठे आढळली नाही. तू रांगेत ये, हवे तर जिभेवर स्वीकार,” एवढे आम्ही तिला त्याच दिवशी सांगितले. परंतु ज्या दुखण्याला औषध आहे, त्यावर नुसता धीर देऊन थांबणे बरे नव्हे. येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचे ठरले. तेव्हा वडिलांनी कपाटातून एक छापील पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. एका मोठ्या शहरातील सौंदर्य-चिकित्सालयाचे ते होते. ‘सुयांच्या यंत्राने घाम कायमचा बंद, हातांचा आणि काखांचाही,’ असा त्यात दावा होता. तपासणी करण्यापूर्वीच आगाऊ मागितलेली रक्कम पाच आकडी होती. आईने त्यासाठी पाटल्या मोडायची तयारी केली होती.

‘पाटल्या कोठे पळून जात नाहीत; आधी आजार समजून घेऊ,’ असे आम्ही सुचवले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो आणि अल्प शुल्कात केसपेपर निघतो. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षांपासून आहे. जळगावातही २०१८ पासून असे महाविद्यालय झाले आहे. तरीही त्वचेच्या दुखण्यासाठी आपली माणसे आधी जाहिरातीकडे वळतात.

तपासणीच्या वेळी आम्ही आई-वडिलांसोबत होतो. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आम्ही लक्षपूर्वक ऐकले, कारण त्यांतच निम्मे निदान होते. घाम दोन्ही बाजूंना सारखाच येतो का? कितव्या वर्षी सुरू झाला? घरात आणखी कोणाला आहे का? आणि झोपेत येतो का? मुलगी म्हणाली, “झोपेत हात कोरडे असतात.” आईनेही दुजोरा दिला. लहान वयात सुरू होणारा, शरीराच्या ठराविक जागी दोन्ही बाजूंना येणारा आणि झोपेत थांबणारा घाम हा बहुधा मूळचाच अतिस्वेद असतो. याउलट रात्री अंथरूण भिजवणारा, उतारवयात अचानक सुरू झालेला किंवा वजन घटत असताना येणारा घाम हा दुसऱ्या आजाराचा निरोप्या असू शकतो. क्षयरोग, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, मधुमेहातील साखरेचे चढउतार, तसेच काही औषधे यांमुळेही घाम वाढतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आधी आणि घामाचे उपचार नंतर. तिच्या तपासण्या निर्दोष निघाल्या.

हा मूळचा अतिस्वेद होतो तरी कसा? माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. तळहात, तळपाय आणि कपाळ येथे त्या अतिशय दाट असतात. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात आपण जिवंत राहतो ते याच सोयीमुळे. जळगाव जिल्ह्यातील वाचकांना ही रचना ठिबकच्या उदाहरणाने चटकन कळेल. केळीच्या बागेत जमिनीवर नळी अंथरलेली असते, तिला जागोजागी थेंब सोडणारी तोंडे असतात आणि पाणी केव्हा सोडायचे ते शेताच्या कडेचा व्हॉल्व्ह ठरवतो. अतिस्वेदाच्या रोग्याची तोंडे बिघडलेली नसतात. त्याच्या ग्रंथी संख्येने आणि आकाराने इतरांसारख्याच असतात. बिघाड असतो तो व्हॉल्व्हचा. मेंदूकडून स्वयंचलित मज्जातंतूंच्या वाटेने येणारी आज्ञाच प्रमाणाबाहेर सुटत असते. त्यामुळे गरज नसताना, कडाक्याच्या थंडीतही पाणी चालूच राहते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील २.८ टक्के लोकांना हा त्रास असल्याचे आढळले होते. म्हणजे शंभर माणसांच्या मिस्सेत दोन-तीन जण! ते रुमाल मुठीत धरून बसलेले असतात, एवढेच.

उपचारांना पायऱ्या आहेत. पहिली पायरी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या लोशनची. ते रात्री कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचे असते. तळहात आणि तळपाय यांसाठी दुसरा एक उपाय आहे: साध्या पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये हात ठेवून त्यातून विजेचा अगदी सौम्य प्रवाह सोडतात. आठवड्यातून काही वेळा, प्रत्येक वेळी वीस-एक मिनिटे असे काही आठवडे केले की घाम पुष्कळ उतरतो आणि पुढे अधूनमधून करत राहावे लागते. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांना काखेतील अतिस्वेदासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा गुण काही महिने टिकतो, मग ती पुन्हा घ्यावी लागतात. पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत, परंतु त्या सबंध अंगाचा घाम कमी करतात. मुंबईच्या दमट हवेत ते चालेल की नाही ते डॉक्टर जाणोत. खानदेशातील मे महिन्यात मात्र अंगाचा घाम आटणे म्हणजे उष्माघाताला दार उघडून देणे होय. म्हणून अशा गोळ्या मनाने कधीही घेऊ नयेत. छातीतील मज्जातंतू तोडण्याची शस्त्रक्रियाही करतात. तीत हात कोरडे होतात, पण पुष्कळांना पाठ, पोट आणि मांड्या येथे नवा घाम सुरू होतो आणि तो परत फिरवता येत नाही. आमच्याकडच्या उन्हात हा सौदा फार महाग पडेल.

आता त्या पत्रकातील सुयांच्या यंत्राविषयी. यंत्र खोटे नाही. खोटा होता तो दावा. या उपचारात हातात धरायच्या एका नळकांड्याच्या टोकाशी केसासारख्या बारीक सुया ओळीने बसवलेल्या असतात. आधी बधिर करणारे मलम किंवा इंजेक्शन देतात. सुया त्वचेत दोन-तीन मिलिमीटर खोल शिरतात, कारण काखेतील ग्रंथी तेवढ्याच खोलीवर, त्वचा आणि तिच्याखालची चरबी यांच्या सीमेवर वसलेल्या असतात. अनेक यंत्रांत सुईचा दांडा विद्युतरोधक लेपाने झाकलेला असून केवळ टोक उघडे असते. त्या टोकातून रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा प्रवाह क्षणभर सोडला की भोवतालची ग्रंथी उष्णतेने निकामी होते आणि वरची त्वचा बहुतांशी वाचते. ठिबकच्या भाषेत सांगायचे तर व्हॉल्व्हला हात न लावता त्या एका वाफ्यातील काही तोंडे कायमची बुजवायची. असे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा करावे लागते.

याचा गुण किती येतो? कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये २० रुग्णांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. इराणमधील इस्फहान येथील अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात २५ रुग्णांच्या एका काखेत खरा उपचार केला आणि दुसऱ्या काखेत केवळ तसे भासवले. खऱ्या उपचाराची बाजू स्पष्टपणे अधिक कोरडी झाली. तेव्हा गुण आहे, यात शंका नाही. परंतु हे अभ्यास लहान आहेत, घाम घटतो पण पूर्ण थांबत नाही आणि काहींच्या बाबतीत काही काळाने तो पुन्हा वाढतो. मुख्य म्हणजे हा अनुभव काखेचा आहे. तळहाताची कातडी जाड, तिच्यात संवेदनेचे तंतू दाट. तेथे या यंत्राची अशी परीक्षा झालेली नाही. ‘हातांचाही घाम कायमचा बंद’ हे त्या पत्रकातील वाक्य आणि पाटल्या यांच्यामध्ये एवढे अंतर होते.

जोखीमही सांगायला हवी. दोन-चार दिवस लाली, सूज, दुखणे हे नेहमीचेच. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांच्या जखमांचे वण फुगून येतात अशांनी या वाटेला जाऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी होणाऱ्या अशा सुयांच्या वापरातून भाजणे, वण पडणे, चरबी झडणे, मज्जातंतूंना इजा होणे अशा गंभीर तक्रारी आल्याचे जाहीर करून सावधगिरीचा इशारा दिला. त्वचारोगाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांखेरीज कोणाच्याही हाती ही सुई देऊ नये, हाच त्याचा अर्थ.

आमच्या या कन्येने पायऱ्या क्रमाने चढल्या. तळहातांसाठी पाणी आणि सौम्य विजेचा उपाय तिला चांगला लागू पडला. काखेत लोशनने आग होऊ लागली, पुरळ आले. तेव्हा डॉक्टरांशी विचारविनिमय करून नाशिकच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे सुयांच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीपूर्वी तिच्या काखेत आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरली होती. जेथे घाम फुटे तेथे पूड निळी-काळी होई आणि अशा रीतीने घामाचा नकाशाच त्वचेवर उमटला. तिसऱ्या बैठकीनंतर काही आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा नकाशातील मोठा मुलूख पांढरा राहिला होता. सगळा नव्हे. कडक उन्हाळ्यात तिची पाठ आपल्या सर्वांसारखीच भिजते आणि ती भिजायलाच हवी. पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून थोडी उचल घेतली. शिक्षण पूर्ण करून ती आज एका रुग्णालयात काम करते. पांढऱ्या गणवेशात.

काही वडीलधाऱ्यांनी आम्हांला विचारले, ‘फादर, घामासाठी एवढा खर्च, म्हणजे नटवेपणाच की नाही?’ प्रश्न अप्रामाणिक नव्हता. शरीराच्या कौतुकापायी पैसा उधळण्याचे दिवस आहेत आणि त्या यंत्राचा बराचसा वापर मुरुमांचे वण व सुरकुत्या घालवण्यासाठीच होतो, हेही खरे. म्हणून आम्ही डॉक्टरांचीच मोजपट्टी वापरतो. ते रोग्याला एवढेच विचारतात की घाम लक्षातही येत नाही, सहन होतो, कसाबसा सहन होतो की असह्य होऊन रोजचे काम अडवतो? पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या माणसाने रुमाल वापरावा आणि प्रभूचे आभार मानावेत. शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र चष्मा लावणाऱ्याइतकाच उपचाराचा अधिकार आहे. अंधुक दिसणाऱ्याला आपण नटवा म्हणत नाही.

उपवासकाळात आपण क्रूसाची वाट चालतो. सहाव्या स्थानापाशी वेरोनिका आपल्या प्रभूचा घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा रुमालाने पुसते. शुभवर्तमानांत तिचे नाव नाही. परंपरेने ती आपल्यापर्यंत आणली आहे. हा घाम कशाचा, असे तिने विचारले नाही. ती गर्दीतून पुढे झाली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा वाचकहो, यापुढे कोणी हात पुढे करायला कचरले, हस्तांदोलनाऐवजी दुरून नमस्कार केला किंवा ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत आले नाही, तर घरी जाऊन त्याचे कारण शोधत बसू नका. आपल्या घरातील मुलाची वही भिजत असेल, तर त्याला दटावू नका; तो झोपला की त्याच्या तळव्यांना हात लावून पाहा. ते कोरडे असतील, तर सकाळी त्याला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि कोणतेही पत्रक हाती आले तरी तपासणीपूर्वी पैसे देऊ नका.